फुलीबाई माळ्यावरून उतरत नाही

प्रेमचंदभाईंच्या दादरमध्ये पाखरू टिकत का नाही, असं त्या काळी कळसाडीत कुणालाही विचारलं तर उत्तर एकच मिळायचं: तिथं फुलीबाई बसते. दादर म्हणजे काळ्या जमिनीतली रब्बीची ज्वारी. आणि फुलीबाई म्हणजे धडगावाकडच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर कापूस वेचायला खाली आलेली आणि पुन्हा वर न गेलेली बाई. नवरा बाज्या तापानं गेला, पोरबाळ झालं नाही, भाऊ आमशा दोनदा न्यायला आला. ती त्याला म्हणाली, तुझ्या दारात बसून आयती भाकर खाण्यापेक्षा मी माळ्यावर बसून स्वतःची खाईन. झालं. चार बल्ल्यांवरचा तो माळा, वर चढायला शिडी आणि हातात गोफण, एवढाच तिचा संसार.

आता कुणी म्हणेल, पाखरं हाकलणं म्हणजे काय मोठं? दगड उचलायचा न् भिरकवायचा. अशा माणसाला फुलीबाईनं गोफणीनंच उत्तर दिलं असतं. दगड कुणाला मारायचा नाही हे आधी कळायला हवं, असं ती म्हणायची. बांधावर शेपूट ताठ करून उड्या मारणारा काळा चिरक किडे वेचतो. शेपटीखालचा विटकरी डाग दिसला की गोफण खाली ठेवायची, त्याला मारणाऱ्याचा हात मोडो! डोक्यावर तुरा आणि बुडाशी लाल तो बुलबुल, त्याचा जीव बोरांवर. मातकट रंगाचे सातभाई घोळक्यानं कलकलतात, अगदी बाज्याच्या भावकीसारखे, पण ते जमिनीवरचा पालापाचोळाच उलटत बसतात. चंडोल बसला तर ढेकूळ, उडाला तर गात गात सरळ आभाळात. ह्यांच्यापैकी कुणाला तिनं कधी दुखावलं नाही. खरा वैरी एकच, भोरडी. अंगानं गुलाबी, डोक्यानं काळी, साळुंकीच्या जातीची. एकटीदुकटी कधी येत नाही, येते ती झुंडीनं, आणि उठते तेव्हा कणसात रिकामी बोंडं उरतात, दाणे नाहीत.

पुढं फुलीबाईच्या डोळ्यांत फूल पडलं. नावातलं फूल डोळ्यांत उतरलं म्हणून गावातल्या बाया हसल्या, तीही हसली. आधी तुरा दिसेना, मग रंग, मग पाखरूच दिसेना. पण तिचं अडलं नाही. चिरकाची बारीक शीळ बांधावरून आली, की गोफण मांडीवर. भोरड्यांची कचकच ऐकू आली, की दगड त्या अंगाला. तिला आता अजिबात दिसत नाही, ह्याचा दोन हंगाम कुणाला पत्ताही लागला नाही.

तिसऱ्या हंगामाआधी प्रेमचंदभाई वारले आणि शेत मुलाकडं, चुनीलालकडं आलं. माणूस वाईट नव्हता, पण नवा कारभारी! त्याला सगळं नवं हवं होतं. फुलीबाईला दिसत नाही हे त्याच्या कानावर आलं, तसा एका सकाळी तो दोधूला घेऊन माळ्याखाली आला. दोधू म्हणजे गावातला चाळिशीचा गडी, आवाजानं दांडगा, हातात रॉकेलचा रिकामा डबा. चुनीलाल म्हणाला, "फुलीमाय, आते उतर. तुले दिसत नही."

तिला उतरवणं म्हणजे तिला आमशाच्या दारात नेऊन बसवणं होतं. चुनीलालला हे ठाऊक होतं की नाही देव जाणे, तिला मात्र चांगलंच ठाऊक होतं.

"मन्हा डोया गयात," ती वरून म्हणाली, "कान नही गयात."

आणि मग ती थांबलीच नाही. बोरीत बुलबुल आहे, दोन आहेत, ऐक. बांधाच्या कडेला चिरक आहे. तुझ्या पाठीमागं सातभाई पाला उलटतायत. चुनीलाल वळून वळून पाहत होता आणि सगळं खरं निघत होतं. तेवढ्यात निंबावरून कर्कश आवाज आला, टी-टू, टी-टू. शिकरा! फुलीबाईनं हात उंचावून सांगितलं, निंबावर शिकरा बसलाय, पाखरांचा काळ. सातभाई किंचाळत झुडपात घुसले, साळुंक्या उडाल्या.

दोधूनं निंबाकडं पाहिलं आणि पोट धरून हसला. "माय, तो शिकरा नही. कोतवाल शे."

होता कोतवालच. काळा कुळकुळीत, शेपटीला खाच, म्हशीच्या पाठीवर बसून हिंडणारा. ह्या चोराला दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल येते. शिकऱ्याच्या आवाजात ओरडला, साळुंकीच्या चोचीतला नाकतोडा पडला, तो ह्यानं उचलला आणि खाल्ला. चुनीलाल एवढंच म्हणाला, की उद्यापासून दोधू बसेल. दोघं निघून गेले.

फुलीबाईला राग आला तो चुनीलालचा नाही, कोतवालाचा. तिन्हीसांजेपर्यंत ती त्याला शिव्या घालत बसली. मेल्या, जन्मभर तुझ्या वाटेला गेले नाही, तुझ्यावर कधी गोफण उगारली नाही, आणि माझ्या अन्नात माती कालवलीस! शिव्या संपल्या तेव्हा तिला एक गोष्ट सुचली. फसले मी एकटीच का? सातभाई फसले. साळुंक्या फसल्या. शिकऱ्याला पोटातून भिणारी पाखरं फसली, तर मग मला कसली लाज? आणि भोरडी तरी कुणाच्या जातीची? साळुंकीच्याच ना!

तिनं दादरचं एक पान ओढलं, त्याची पट्टी फाडून दोन अंगठ्यांमध्ये ताणली आणि फुंकली. लहानपणी डोंगरात बकऱ्या राखताना ती असंच पान वाजवायची. पहिल्यांदा नुसती वाफ निघाली, मग चिरका सूर, मग कितीतरी पानं फाटल्यावर टी-टू. निंबावरचा कोतवाल गडबडून फडफडत उडाला. तिला इतकं हसू आलं की माळा हलला.

दुसऱ्या दिवशी दोधू आला तर माळ्याला शिडीच नव्हती. फुलीबाईनं ती वर ओढून घेतली होती. त्यानं हाका मारल्या, दटावलं, विनवलं. ती ढिम्म. चुनीलालला बोलावणं गेलं. तो येऊन पोचतो तोच नदीकडून भोरड्यांची झुंड आली आणि दादरवर उतरली. दोधूनं डबा बडवायला घेतला. पाखरं ह्या कोपऱ्यातून उठायची, त्या कोपऱ्यात बसायची. दोधू धावून धावून घामाघूम झाला, चुनीलाल ढेकळं फेकू लागला आणि दाणे जातच राहिले.

फुलीबाई मान कलती करून ऐकत होती. सगळी कचकच एका अंगाला गोळा होऊ दिली. मग पान अंगठ्यांत धरलं आणि फुंकलं. टी-टू, टी-टू!

अख्खी झुंड एकदम उठली, आभाळात गोळा झाली, वळली आणि शिवाराबाहेर गेली. दोधूचा डबा हातातच राहिला. चुनीलालनं आधी निंबावर पाहिलं, मग आभाळात.

"शिकरा कोठे शे?" त्यानं विचारलं.

"शिकरा नही रे, कोतवाल शे," फुलीबाई म्हणाली. "ह्या वावरना कोतवाल आते मी."

चुनीलालनं दोधूला घरी पाठवलं आणि विहिरीवरून पाण्याचा गडू स्वतः भरून आणला. माळ्याखाली येऊन म्हणाला, फुलीमाय, शिडी सोड, पाणी देतो. तिनं शिडी नाही, गडू बांधायला दोरी सोडली.