उघड्या दारावरची टकटक

रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटचं दार सकाळी दूध आलं की उघडंच असे, तळ्यावरचा वारा आत यावा म्हणून. शेजारचे वानखेडे डॉक्टर त्या उघड्या दारावरही टकटक करत. मी समोर खुर्चीत बसलेली, आम्ही एकमेकांना पाहतो आहोत, तरी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक आणि मग, "येऊ का, वहिनी?" मी "या" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबरठ्याच्या आत पडायचं नाही.

"अहो डॉक्टर, दार उघडंच आहे की!"

"दारानं या म्हटलं. तुम्ही कुठं म्हटलं?"

ईशान, रेवा, तुम्हाला ते एका हिवाळ्यापुरतेच भेटले. पण दर रविवारी फोनवर तुम्ही त्यांच्या अस्वलाची चौकशी करता, आणि फोनवर मला ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या; मराठी अक्षरं लागत नसली तरी ऐकलेलं तुम्हाला सगळं कळतं, हे मला ठाऊक आहे.

डॉक्टर मूळचे वर्ध्याकडचे. गुरांचे डॉक्टर म्हणून सरकारी नोकरीत इकडे आले, आणि पुढे त्यांची नेमणूक प्राणिसंग्रहालयात झाली. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम चार-दोन खारका. माझ्या टापटिपीची ते यथेच्छ थट्टा करत. "वहिनी, तुमच्या घरातल्या मुंग्या रांगेत चालतात, अन् तुम्ही म्हणता मीच शिकवलं त्याईले!" पिंजऱ्यापाशीही ते तसंच दार वाजवत, असं त्यांच्या हाताखालचा समारू सांगायचा. लोखंडावर दोनदा टकटक, "येऊ का, भाऊसाहेब?" आणि मगच कुलपाला हात. भाऊसाहेब म्हणजे ते अस्वल. लोक त्याला भोलू म्हणत. डॉक्टरांना ते आवडत नसे. "कायचा भोला? त्याची नखं पाहिली काय?"

ईशान, त्या हिवाळ्यात घरी पाहुणे आले होते आणि सगळे तुला शुभंकरोति म्हणून दाखव म्हणत होते, तेव्हा तू आतल्या खोलीत कडी लावून बसलास. आम्ही सगळे हाका मारून दमलो. डॉक्टर उठले, टकटक केली आणि एवढंच म्हणाले, "मी वानखेडे. यायचं नसंल तं नको येऊ बाबू, आम्ही चहा पिऊन राहिलो." पाहुणे गेल्यावर तू आपणहून आलास आणि त्यांच्या कानाशी सगळं म्हणून दाखवलंस. आठवतं?

हा भाऊसाहेब पिल्लू असताना विहिरीत पडलेला सापडला होता. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बायकांनी त्याचं ओरडणं ऐकलं. आई जवळपास कुठे मिळाली नाही. मग बाटलीनं दूध पिऊन तो जुन्या प्राणिसंग्रहालयात वाढला. सिमेंटची फरशी, तीन भिंती आणि पुढे गज. त्या गजांमागे तो दिवसभर एकाच रेषेत येरझाऱ्या घालायचा. त्याला जंगलात का सोडत नाहीत, असं मी एकदा विचारलं.

"मरून जाईल, वहिनी. वारूळ कसं उकरायचं, वाघ आला तं काय करायचं, हे आई शिकवते. आपण त्याले काय शिकवलं? बाटली चोखाले."

नव्या रायपुरात मोठं प्राणिसंग्रहालय झालं तेव्हा तिथे त्याच्यासाठी ऐसपैस आवार मिळावं म्हणून डॉक्टर किती साहेबांच्या केबिनबाहेर बसले, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी मिळालं. माती, झाडं, पाणवठा, आणि मागे रात्री झोपायला छोटी खोली. पहिल्या दिवशी अस्वल धावत सुटणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री. डॉक्टरांनी तर पेढेच आणून ठेवले होते.

खोलीचं दार वर सरकलं. भाऊसाहेबानं वास घेतला. एक पंजा मातीवर ठेवला. चटका बसल्यासारखा उचलला आणि आत कोपऱ्यात जाऊन बसला. विहिरीतून काढल्यापासून त्याचा पाय मातीला लागला नव्हता. मोकळ्या जागेची त्याला भीती वाटेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं, डॉक्टरांच्याही नाही. संध्याकाळी ते पेढे घेऊन आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, तरी पुडा पुढे केलाच. "घ्या. एक पाय तं ठेवला ना!"

पुढचा पेच इथून सुरू झाला. प्राणिसंग्रहालयांत एक रीत असते. सकाळी प्राण्याला बाहेर काढायचं आणि मागचं सरकतं दार खाली पाडून बंद करायचं, म्हणजे दिवसभर तो लोकांना दिसत राहतो. डॉक्टर दार पाडू देईनात. तुम्हाला घेऊन गेलो त्या दिवशीही आवार रिकामंच होतं. कठड्याशी ही गर्दी. कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी शेंगदाणे फेकतंय, कुणी ओरडतंय, "भालू को बाहर निकालो भैया!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वो घर पे हैं. अभी मिलना नहीं चाहते."

रेवा, तेव्हा तू त्यांना तुझ्या इंग्रजीत विचारलंस, प्राण्यांना असं ठेवणं वाईट आहे तर तुम्ही इथे नोकरी का करता? मी कानकोंडी झाले. त्यांना मात्र प्रश्न आवडला. ते खाली बसून तुझ्याशी बोलले.

"बेटा, तुरुंगात डॉक्टर असते ना? कैद्याले ताप येत नाही काय?"

मी म्हटलं, "पण डॉक्टर, मुलांनी प्राणी पाहिलेच नाहीत तर त्यांना माया कशी वाटेल?"

"तुम्ही खालच्या मजल्यावरच्या सक्सेनाबाईले रोज पाहता. वाटते काय माया?" मग हसू आवरून म्हणाले, "तुमचं अगदीच खोटं नाही. मी पोट्टा होतो तवा पिंजऱ्यातला वाघ पाहिला. मी त्याले पाहून राहिलो, अन् तो माझ्या आरपार पाहून राहिला, जसा मी तिथं नाहीच. तवापासून मले वाटते, त्याले काय दिसत असंल? त्या वाघानं मले डॉक्टर केलं. पण त्याले काय भेटलं, वहिनी?"



"अस्वल दुःखी आहे का?" रेवा, तू मग विचारलंस.

"ठाऊक नाही बेटा. त्याले बोलता येत नाही म्हणून दार उघडं ठेवलं. आता त्यानं सांगावं."

तुम्ही परत गेल्यानंतर कुणी बडे पाहुणे प्राणिसंग्रहालय पाहायला येणार होते. अस्वल दिसलंच पाहिजे, पाण्याचा पाइप मारून बाहेर काढा आणि दार पाडा, असा वरून निरोप आला. डॉक्टर दारापाशी जाऊन उभे राहिले. समारू पाइप हातात घेऊन तसाच थांबला. पाहुण्यांनी रिकामं आवार पाहिलं, गाडीत बसले आणि गेले. थोड्याच दिवसांत डॉक्टरांची बदली अभनपूरला, गुरांच्या दवाखान्यात झाली.

तुमचे आजोबा त्यांच्यावर चिडले. "एका दिवसाचा प्रश्न होता, वानखेडे. जरा जमवून घ्यायचं!"

"साहेब, माझी बदली झाली, मी बसनं जाईन-येईन. त्याले कुठं बदली भेटते?"

त्यांचे वरचे साहेब वाईट नव्हते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकच मागणं केलं. मी तक्रार न करता जातो, पण उन्हाळा लागेपर्यंत दार उघडं राहू द्या. तोवर नाहीच आला, तर तुमची रीत तुम्ही करा. साहेबांनी मान्य केलं. त्यानंतर ते रोज अभनपूरहून परतले की पहिला फोन समारूला. फोन ठेवताना नाही म्हणून मान हलवत. होळी झाली, ऊन तापायला लागलं, तसे ते माझ्या टापटिपीची थट्टा करायचंही विसरले.

एका सोमवारी, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी माझा फोन वाजला. ते तिथेच गेले होते, रजा टाकून.

"वहिनी, आला."

मग हळूहळू सांगितलं. आधी तोंड बाहेर काढलं, मग दोन पाय, मग चारही. झाडाखाली बसून त्यानं माती उकरली. न शिकवता उकरली. मी आनंदानं म्हटलं, "पुढच्या सोमवारी मी येते. मुलांसाठी फोटो काढीन."



"नका येऊ, वहिनी."

"काहून?" 'का' ऐवजी त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

"कोणी नव्हतं म्हणून आला तो. मी बी झुडपाआड होतो."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांचा शेजार, आणि एक फोटो नाही? पण संध्याकाळी ते आले, दार सताड उघडं होतं, आणि त्यांनी नेहमीसारखी टकटक केली. "येऊ का?" माझा राग तिथेच संपला. आयुष्यात अनेक लोकांनी मला मान दिला, बाई म्हणून, साहेबांची बायको म्हणून, वयानं मोठी म्हणून. मी नको म्हणू शकते, हे दर वेळी धरून चालणारा हा एकच माणूस मला भेटला.

दार पाडायची वेळ आलीच नाही. आणि मी आजवर भाऊसाहेबाला मातीवर पाहिलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टर गेले. अभनपूरला एका अडलेल्या गाईची सुटका करून आले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. गाय आणि वासरू दोन्ही वाचली. तेराव्याला त्यांच्या घरी माणसांची रीघ होती, म्हणून समारू माझ्याकडे आला; तो मला दाई, म्हणजे आई, म्हणतो. दार उघडं होतं. तो बाहेर थांबला, बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली आणि म्हणाला, "आऊं का, दाई?"

मी "ये" म्हटलं आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

तो पाणी प्यायल्यावर मी विचारलं, भाऊसाहेब निघतो का रे बाहेर? "हव दाई, निकलथे," तो म्हणाला. कधी, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आलात की आपण जाऊ. कदाचित तो दिसेल. आवार रिकामं असलं तर मात्र हिरमुसू नका, हाका मारू नका. मागचं दार उघडं आहे ना, तेवढं पाहा, आणि घरी चला.