अकोटच्या माळ्यावरचा काउंटर

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच यंत्राचे आकडे वहीत उतरवत होतो. दवाखान्यात जाताना ते काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं. तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, मी त्याच कॉलेजचा ग्रंथपाल. पण "पुस्तकवाल्याचं अक्षर चांगलं असते," एवढी पात्रता त्याला पुरेशी वाटली.

निवृत्तीनंतर त्याने नैसर्गिक किरणोत्सर्ग वर्षभर मोजायचं मनावर घेतलं. मोजणारा काउंटर बसवला अकोटला, थोरल्या बहिणीच्या माळ्यावर. दर दहा मिनिटांनी आकडे बिनतारी यायचे ते इथे राजापेठेत, त्याच्या मोबाइलवर. "आता रीडिंगसाठी अकोटले जायची गरजच नाही!" तो ज्याला त्याला सांगायचा. ताईंनाही त्याने हे सांगितलं, तिथे तो चुकला...

दोन महिन्यांनी एका सकाळी आकडे अचानक चौपट झाले. देविदास चहा अर्धवट टाकून उठला. "ताई घरात एकटी हाय बे!" आम्ही एसटी धरली. वाटेत त्याने चार फोन केले. ताईंनी एकही उचलला नाही. पोचलो तर ताई दारात निवांत तूर निवडत बसलेल्या. माळ्यावर काउंटरला खेटून एक पत्र्याचा डबा होता. त्यांचे वडील लग्नांना गॅसबत्त्या पुरवत, त्या बत्त्यांच्या जुन्या जाळ्या त्यात होत्या. त्या जाळ्यांमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असतं, हे कधीकाळी बहिणीला हौसेने समजावणारा देविदासच.

"हा डबा इथं कोनं ठेवला?"

"मी. तीनदा बोलावलं तं साहेबाले टाइम नाही. डबा सरकवला तं दुपारच्या आत हजर! चाल, जेवाले वाढते."

मग दर पंधरा-वीस दिवसांनी आकडे चढू लागले. "प्रयोगाची वाट लावून राहिली ही बाई!" असं म्हणत देविदास पिशवीत मोर्शीची संत्री भरायचा. तो डबा इकडेच घेऊन ये, असं मी सुचवलं की ऐकू न आल्यासारखं करायचा. वहीत मात्र प्रामाणिक शेरा असे: "ताईकडे. वांग्याची भाजी. रीडिंग वगळावे."

तो गेल्याला दीड महिना झाला. आलेख सरळ आहे, एकही चढ नाही. वर्षभरात इतकी स्वच्छ रीडिंग मिळाली नव्हती... काल ती सरळ रेघ मला बघवेना. सकाळच्या गाडीने अकोटला गेलो. ताईंनी दार उघडलं, माझ्या मागच्या रस्त्याकडे क्षणभर पाहिलं.

"तुमी काहून आले, भाऊ? मी तं डब्याले हातही लावला नाही."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.