दोन साड्यांचा पतंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं ही काय चीज आहे, हे आमच्या घरी एकदा चहाला आलात तर तुमच्या लक्षात येईल. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असावं. दुसरं मला सापडत नाही.

सुरुवात पतंगापासून करतो. पतंगाचा यात काही दोष नाही. पण पतंगाबद्दल बोलायला मला सोपं जातं.

माझा मित्र भागवत. जळगावला कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी जळगावातच एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि त्याने दोंडाईच्याला मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. गाव त्याचं तिथून जवळच. शनिवारी अर्धा दिवस भरला की मी पॅसेंजर पकडायचो आणि रात्री त्याच्या ओट्यावर जेवायला असायचो. त्याची आई — अक्का — मला त्याच्याच ताटाशेजारी पाट मांडायची. वडील, नाना, फार बोलायचे नाहीत, पण मी आलो की खाट मोकळी करून द्यायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कचेरीच्या कामाने धुळ्याला गेलो होतो, तिथे रद्दीवाल्याकडे एक परदेशी मासिक हाती लागलं. त्यात एक फोटो — एक गोरा माणूस पाण्यावर फळीवर उभा, आणि त्याला ओढतोय एक कापडी पतंग. ना कामटी, ना कागद. कापडाचे दोन थर, मध्ये पडदे शिवून केलेले कप्पे, पुढून तोंड उघडं. वारा आत शिरला की ते उशीसारखं फुगतं आणि उडतं. खाली लिहिलं होतं की अगदी हलक्या वाऱ्यावरही चालतं. मी ते भागवतला नेऊन दिलं आणि विसरून गेलो. तो विसरणाऱ्यातला नव्हता.

असला पतंग विकत घ्यायचा म्हटलं तर तो मिळणार कुठे, आणि मिळाला तरी आमची ऐपत काय? तेव्हा भागवतने सगळं आहे त्यातच जमवायचं ठरवलं. दोऱ्या म्हणून मिरचीच्या बाजारातली नायलॉनची सुतळी. पाण्यावर तरंगायला केळीचे खांब — त्याची सासुरवाडी तापीकाठची, केळीवाली. घड काढल्यावर खांब फेकूनच देतात, ते त्याने ट्रॅक्टरवर घालून आणले. त्यावर जुन्या दाराची एक फळी. राहिलं कापड. हलकं हवं, वारा न गळणारं हवं.

त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. सुमनवहिनी घरात येऊन महिनाही झाला नसेल. त्याने तिला चाचरतच विचारलं असणार. तिने फोटो पाहिला, एवढंच विचारलं, की उडेल का? आणि ट्रंकेतून माहेरच्या दोन नायलॉनच्या साड्या काढून दिल्या. शिवलाही तिनेच, रुखवतातल्या मशीनवर, फोटो समोर ठेवून. एक आंबा रंगाची साडी, एक जांभळी. खरं सांगतो, तो पतंग सुंदर झाला होता.

आता बघा — मी अजून पतंगावरच आहे.

तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. भागवतला पोहता येत नव्हतं. मला येत होतं — म्हणजे असं त्याला वाटत होतं. कॉलेजात असताना कधीतरी, चार पोरांत बसून, मी मेहरूणचा तलाव आरपार केल्याचं ठोकून दिलं होतं. अशा गप्पा कोण मारत नाही? पण ती थाप भागवतच्या डोक्यात पक्की बसली होती. म्हणून तो पाण्यात जाणार आणि मी काठावर थांबणार, असं ठरलं. "तू आहेस ना काठावर," हे तो दोनदा म्हणाला. मी मान हलवली. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

संक्रांतीनंतरचा रविवार. गावाबाहेरचा पाझर तलाव भरलेला, वारा अगदी मऊ. अंगावर आला तर कळावा इतपत. वहिनी भाकरी घेऊन आली होती — खरं तर आपल्या साड्या उडताना बघायला. तिने पतंगाची दोन टोकं धरली, भागवतने दोऱ्या ओढल्या, आणि ते कापड फुरफुरलं, फुगलं, वर गेलं. हाताला कापतं म्हणून त्याने दोऱ्या कंबरेला बांधल्या होत्या, बैलाच्या कासऱ्याने, चांगली गाठ मारून. त्या फोटोतल्या माणसाच्या कंबरेला झटक्यात सुटणारा आकडा होता. तो मला दिसला होता. मी काही बोललो नाही, कारण मला तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नाही. याचा दोष मी घेत नाही. माझ्याकडे दुसरे पुरेसे आहेत.

तो पाण्यावर निघाला हो. केळीचे खांब, त्यावर फळी, त्यावर भागवत गुडघ्यावर बसलेला, मग हळूच उभा राहिलेला — आणि वर आंबा आणि जांभळा. वहिनी हसत होती. मीही ओरडलो असेन काहीतरी.

मग वारा पडला. जोराचा वारा धोक्याचा असतो असं आपण धरून चालतो. इथे वारा नव्हता हाच घात झाला. पतंग मिटला, पाण्यावर पडला, आणि उघड्या तोंडातून त्यात पाणी भरलं. कप्प्यांनी वारा धरावा म्हणून ती शिवण होती, तिने पाणीही तसंच धरलं. ते पोतं खाली जायला लागलं, कंबरेची गाठ त्याच्याबरोबर, आणि गाठीबरोबर भागवत.

मी काठावर होतो. त्यासाठीच तर होतो.

पाण्यात शिरलो मी. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पुढे तळाचा चिखल सरकला आणि माझे पाय थांबले. मी थांबवले असं म्हणायलाही जीव धजत नाही, पण पाय माझेच होते. भागवतचा हात एकदा वर आला. मी त्याच्याकडे बघत होतो.

माझ्या बाजूने वहिनी गेली. पदर कमरेला खोचला आणि गेली, जशी तापीकाठची पोरगी जाते — विचार न करता. तिने बुडी मारली, वर आली, पुन्हा मारली. गाठ सोडायला तिला तीन बुड्या लागल्या की चार, मला सांगता येणार नाही. मग ती त्याला केसांना धरून ओढत आली. छातीभर पाण्यात आली तेव्हा मी पुढे झालो आणि त्याला खांद्यावर घेतलं. तेवढं मी केलं.

काठावर त्याला पालथा घालतोय तोच शेतातून माणसं धावत आली, मागून नाना. त्यांना काय दिसलं? भागवत माझ्या हातात, मी भिजून चिंब, आणि सून बाजूला पदर पिळत उभी. कुणीतरी म्हणालं, या भाऊनी काढलं. नाना माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तू काढलं का रे?"

मी म्हटलं, "हो."

वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर ती खाली बसून नवऱ्याचे तळवे चोळायला लागली. तिने का सांगितलं नाही? नव्या नवरीने गड्यांसमोर पाण्यात उडी घेतली याचा बोभाटा नको होता, की मीच तोंड उघडेन म्हणून वाट बघत होती — मी कधी विचारलं नाही. मला लाज वाटली असं लिहायला छान वाटेल. त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं.

हे एवढंच असतं तर कदाचित मी तुमच्यापर्यंत आलो नसतो.

भागवत दवाखान्यातून चार-सहा दिवसांत घरी आला. त्याला त्या पाण्यातलं काहीच आठवत नव्हतं. लोकांनी सांगितलं तेच त्याला आठवायला लागलं. अक्काने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "तू व्हता म्हनीसन मना पोऱ्या वाचना," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि तेच तोंड दुसऱ्या दारी वेगळं बोलायचं. साड्या कुणाच्या? हिच्या. शिवल्या कुणी? हिने. केळी कुठली? हिच्या माहेरची. "बठ्ठं तिना माहेरनं," सगळं हिच्याच माहेरचं, असं अक्का म्हणायची, "इना पायच चांगला नही." पायगुण! घरात येऊन महिना नाही तर नवरा बुडवायला निघाली. हळदीकुंकवाला तिला मागे बसवायला लागले. देवापुढचा दिवा तिने लावायचा बंद झाला. हे सगळं मी पाहिलं, त्याच घरात, भागवतशेजारच्या पाटावर बसून. भाकरीही तीच वाढायची.

एक वाक्य पुरलं असतं. मी नाही, वहिनीने काढलं. एवढंच. ज्या पायाला नावं ठेवतात त्याच पायांनी ती पाण्यात गेली होती. गावात हे ठाऊक असणारी माणसं दोनच होती, त्यातल्या एकीचं कुणी ऐकलं नसतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात, तशी तीही गेली. आखाजी झाली, झोके उतरले, बाकीच्या सुना आपापल्या घरी परतल्या. हिला आणायला कुणी गेलं नाही. अक्का म्हणाली, राहू द्या काही दिवस. ज्येष्ठ गेला. भागवत दुकानात माझ्यासमोर बसला होता, हातात अर्धवट गुंडाळलेली कॉइल, आणि त्याने मला विचारलं. म्हणजे खरोखर विचारलं, कारण जीव वाचवणाऱ्या माणसाचा सल्ला त्याच्या लेखी मोठा होता. जाऊन घेऊन येऊ का रे तिला?

मी म्हणालो, "थोडं थांब. अक्का निवळू दे."

कबुली द्यायची ती याची आहे. पाण्यात पाय थांबले ती भीती होती. 'हो' म्हटलं ते एका झटक्यात गेलं. पण हे वाक्य मी शुद्धीत, चहाचा कप हातात असताना बोललो. ती त्या घरात नसली की मला बरं वाटत होतं. तिच्या हातची भाकरी खाताना मान खाली घालावी लागायची, ती वेळ टळत होती. त्यासाठी मी तिला तिच्या घराबाहेर ठेवलं.

श्रावण लागल्यावर भागवत कुणालाही न विचारता गेला आणि तिला घेऊन आला. मलाही विचारलं नाही त्याने. पुढे मुलगी झाली. अक्काचं बोलणं हळूहळू ओसरलं. संपलं असं नाही, वय झालं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथे होतो. मुलगी आता सात-आठ वर्षांची आहे आणि तिला पोहायला शिकायचं होतं. भागवत जेवता जेवता म्हणाला, काका शिकवेल की, उद्या तलावावर घेऊन जाईल; अरे, बापाला काढलंय त्याने. नानांनी मान डोलावली. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

वहिनी भाकरी थापत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "भाऊंना नका सांगू. त्यांचा खांदा दुखतो. आखाजीला जाईन तेव्हा मी शिकवीन तिला, आमच्या विहिरीत."

माझा खांदा कधीच दुखत नव्हता. आणि मी काय केलं? डावा हात वर नेला आणि उजवा खांदा चोळला, सगळ्यांसमोर.

मुलगी शिकली. चांगली पोहते म्हणे. मी अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी जातो. अक्काला आता नीट दिसत नाही, पण माझा आवाज ओळखते आणि शेजारी बसवून विचारते, "खांदा कसा शे रे भाऊ?"

मी म्हणतो, बरा आहे, अक्का.