डोळ्यातला दाब मोजणारी संजीवनी

मुरबाड तालुक्यात नेत्र शिबिर असलं की शाळेच्या व्हरांड्यात संजीवनीची खुर्ची ठरलेली. आत डॉक्टर मोतीबिंदू बघतात, बाहेर ती डोळ्यातला दाब मोजते. हातात मावणारं यंत्र, त्याच्या टोकाला बारीक सुई. सुई म्हटलं की माणसं मागे सरकतात, म्हणून ती काडी म्हणते. पापणी लवायच्या आत काडी बुबुळाला टेकून परत येते आणि पडद्यावर आकडा उमटतो. एकवीसपर्यंत ठीक. त्यापुढे गेला की ती माणसाला थांबवून घेते.

या कामात ती आली वडिलांमुळे. धर्मा सिद्धगडाच्या पायथ्याला भातशेती करायचे. पन्नाशीत ते बांधावरून घसरू लागले, बाजूने आलेली म्हैस त्यांना दिसेना. डोळे दुखत नव्हते, समोरचं दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी वयावर ढकललं. काचबिंदू कळला तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. दाबाने आतली नस वाळली, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोवर त्यांच्या डोळ्याचा दाब कुणी मोजलाच नव्हता. संजीवनी तेव्हा बारावीला होती.

काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, हे ती लोकांना रोज सांगायची. पण तिची सख्खी आत्या, टोकावड्याला दिलेली रंगू, दोन वर्षं डोळ्याला हात लावू देत नव्हती. शेवटी टोकावड्याच्या शिबिराला संजीवनी वडिलांनाच एसटीने घेऊन गेली. रंगू पदर तोंडाशी धरून लांब बसली होती. धर्मांनी चाचपत खुर्ची गाठली.

"आदी माज्या डोल्याला लाव," ते म्हणाले. "हिला बघू दे."

भाऊ हललासुद्धा नाही, हे बघून रंगू उठली. तिचा आकडा सतरा आला. झालं कधी तेच तिला कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा मोजायला लावलं.

परतीच्या एसटीत धर्मांनी हळूच विचारलं, "संजे, तुजा दाब कोनी मोजला?"

कुणीच मोजला नव्हता. सहा वर्षांत तिने हजारो डोळे मोजले होते. स्वतःच्या आकड्याची तिला भीती वाटायची. वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. मुरबाड येईपर्यंत त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सोबत काम करणाऱ्या दिपालीसमोर बसली. उजव्या डोळ्याचा आकडा एकोणतीस. दिपालीने तीनदा मोजलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. नस अजून शाबूत होती. रोज संध्याकाळी एक थेंब, आयुष्यभर.

घरी तिने धर्मांना सांगितलं. ते म्हणाले, "येलेवर घावलं, पोरी."

त्या संध्याकाळी थेंब काही तिला जमेना. गावाला शिकवणारी ती, तिचंच औषध गालावरून ओघळत होतं. धर्मांनी हात धुतले, तिची भुवई चाचपली, अंगठ्याने खालची पापणी ओढली. थेंब बरोबर पडला. उरलेला उजेड टिकावा म्हणून स्वतःच्या डोळ्यात रोज औषध घालून त्यांचा हात बसला होता.

आता तिचं तिला जमतं. वडिलांना मात्र तिने ते सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात दिपालीने मोजलं तेव्हा आकडा सोळा आला.