आपांच्या हवाली केलेले साठ कुर्ते

मी माणसांची नावं विसरते, चेहरे विसरते, दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलेलं विसरते. अपमान मात्र विसरत नाही. अमीनाबादच्या एका कापडवाल्याने केलेला अपमान तर मी दोन वर्षं रोज नव्याने आठवून ताजा ठेवला होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला, म्हणून आमचं बिऱ्हाड लखनौला, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये. महाराष्ट्रातून कोणीही पाहुणे आले की त्यांना चिकनच्या भरतकामाचे कुर्ते हवे असायचे. त्यांना दुकानादुकानांतून फिरवून मी इतकी कंटाळले, की एक दिवस वाटलं, हा धंदा आपणच का करू नये? भरतकाम मला येत होतं. सातारला शाळेत त्यात माझा पहिला नंबर आला होता, आणि ही गोष्ट मी लखनौमध्ये कुणालाही सांगायची बाकी ठेवली नव्हती.

जुन्या शहरात भरतकाम करणाऱ्या चार बायका मला मिळाल्या. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईंना बाकीच्या तिघी आपा म्हणत, म्हणून मीही आपा म्हणू लागले. पहिले बारा कुर्ते तयार झाले तेव्हा मी ते, माझ्या हातचा सगळ्यात वर ठेवून, बोचक्यात बांधले आणि रिक्षाने अमीनाबादला नेले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. दुकानदाराने वरचा कुर्ता उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

“मैडम, यह आपके बस का नहीं,” तो म्हणाला. “घर बैठकर शौक़ कीजिए।”

एक बाई फिस्सकन हसली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी बोचकं पुन्हा बांधताना गाठ नीट बसेना, आणि सगळं दुकान माझी ती गाठ बसायची वाट बघत उभं राहिलं.

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाचं गिऱ्हाईक मी त्याच्या डोळ्यांदेखत पळवीन. जागाही ठरवून टाकली. छावणीत दर हिवाळ्यात फौजी अधिकाऱ्यांच्या बायका एक मेळा भरवत, आणि त्यात या दुकानदाराचा स्टॉल ठरलेला असे. त्याच्या समोरच मी माझा स्टॉल लावणार होते. तो बघायला येईल, कुर्ता हातात घेईल, आणि मग मी त्याचंच वाक्य शब्दाला शब्द त्याच्या तोंडावर फेकणार होते. भाजी चिरताना, केस विंचरताना मी ते वाक्य म्हणून बघायची. आपांच्या अंगणात तर तो प्रसंग मी इतक्या वेळा सांगितला, की मी ‘मैडम’ म्हटलं की चौघीजणी मनातल्या मनात पुढचं पुरं करत असणार.

पण मेळ्यासाठी कमीत कमी साठ कुर्ते हवे होते, आणि माझे कुर्ते काही पुरे होत नव्हते. त्याचं कारण मी होते. हे आज म्हणायला सोपं आहे.

चिकनचं काम लखनौमध्ये वाटून होतं. कापडावर निळा छापा उठवणारा वेगळा. मग तेच कापड एका घरातून दुसऱ्या घरात जातं. तांदळाच्या दाण्यासारखे टपोरे टाके, त्याला मुर्री म्हणतात, ते घालणारी एक. कापडाचे धागे सुईने बाजूला सारून जाळी पाडणारी दुसरी. पानं भरणारी तिसरी. एक कुर्ता चार घरं फिरून येतो. मला हे मुळीच पटलं नाही. माझ्या माहेरी एका हातच्या कामाचं फार कौतुक. पुरण एका हातचं, लोणचं एका हातचं, अगदी रांगोळीसुद्धा एका हातची. चौघींनी हात लावलेली वस्तू धड होईलच कशी? शिवाय बिघडली तर कान कुणाचा धरायचा? म्हणून मी हुकूम काढला, एका बाईने एक कुर्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा, आणि कोपऱ्यात स्वतःच्या रंगाचा एक धागा घालायचा. लाल, पिवळा, निळा, हिरवा. घरी बसून काम करायचं नाही, आपांच्या अंगणात जमायचं, आणि समोर खुर्ची टाकून मी बसणार.

आपा एवढंच म्हणाल्या, “जैसी आपकी मर्ज़ी।” लखनौमध्ये या वाक्याचा अर्थ ‘मला हे मुळीच पसंत नाही’ असा असतो, हे मला तोवर कळलं नव्हतं.

जिचा हात जाळीवर बसलेला, ती मुर्री घालताना चाचपडू लागली. जिची मुर्री मोत्यासारखी, तिने जाळी पाडताना कापड फाडलं. मी प्रत्येक चुकीवर तोंड सोडत होते. वर, जे मनास येईना ते मी घरी आणून उसवायची आणि स्वतः भरायची. माझ्या डोळ्यांची वाट लागली, कंबर धरली, घरात रोज खिचडी होऊ लागली. मेळ्याला सात आठवडे उरले तेव्हा साठातले अठरा कुर्ते हाताशी होते.

आणि मग तो दिवस आला. अंगणातल्या ढिगातून मी एक कुर्ता उचलला. गळ्यावरची मुर्री बघून माझं डोकंच फिरलं. दाणे कुठे लठ्ठ, कुठे चपटे. कोपऱ्यात हिरवा धागा. मी त्या हिरव्या धाग्यावालीला उभं केलं आणि म्हटलं, “यह क्या है? आँखें कहाँ थीं? इससे अच्छा तो मेरी बर्तन माँजनेवाली कर लेगी।” ती बिचारी मान खाली घालून उभी राहिली. मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आपांनी माझ्या हातातून कुर्ता घेतला, उलटा केला, आणि गळ्याच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं.

“मैडम, हमारे यहाँ पीछे गाँठ नहीं लगाते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “यह गला आप घर ले गई थीं। यह आपका काम है।”

गाठ माझीच होती. सातारच्या शाळेत पहिला नंबर आणणारी गाठ. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि अमीनाबादच्या दुकानदाराने तेव्हा कुर्ता उलटा का केला होता, हेही मला त्याच क्षणी कळलं. त्याने बाकीच्या चौघींना नव्हे, मलाच परत पाठवलं होतं.

आता यावर शहाण्या बाईने माफी मागितली असती. माझा तिळपापड झाला. दुकानदार राहिला बाजूला, आता मला आपांची खोड मोडायची होती. आणि तिथल्या तिथे मला युक्ती सुचली. इतकं कळतं ना तुम्हाला? मग घ्या सगळंच अंगावर. पडा तोंडघशी.

“आपा,” मी म्हटलं, “आजपासून सगळं तुम्हीच बघा. सब आप कीजिए. कापड, छापा, धोबी, दर्जी, सगळं. मी येणारसुद्धा नाही.” रागात मी अर्धं मराठीतच बोलत होते, पण त्यांना समजलं.

“बटन कौन-से?”

“वह भी आप।”

“बीच में देखने नहीं आएँगी?”

“नहीं।”

“क़सम?”

“गणपति की क़सम,” मी म्हटलं आणि खुर्ची तिथेच सोडून निघाले. रिक्षात बसल्यावर मला फार बरं वाटलं. मेळा बुडाला तरी चालेल, पण आपा माझ्या दारात येऊन ‘मैडम, नहीं हुआ’ म्हणतील, ते ऐकण्यासाठी मी एक मेळा सोडायला तयार होते.

पुढचे सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. हाताला चाळा नाही. ह्यांचा चांगला असलेला स्वेटर उसवून पुन्हा विणला, तोही एक बाही आखूड. आपांनी चुकीचा छापा निवडलाय, धोब्याने छाप्याचे निळे डाग तसेच ठेवलेत, दर्ज्याने गळे वाकडे कापलेत, अशी चित्रं मी बसल्या बसल्या बघायची आणि खूश व्हायची. एकदा राहवेना म्हणून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. शपथ आठवली. आलोच आहोत तर म्हणून अर्धा किलो पेरू घेतले आणि परत येताना रिक्षात सगळे खाल्ले.

त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, “अगं, मला एक कळत नाही. तुला ते काम व्हायला हवंय की बिघडायला?”

“अहो, भाजी गार होतेय,” मी म्हटलं.

मेळ्याच्या चार दिवस आधी सकाळीच दारात रिक्षा थांबली. दोन गाठोडी आणि त्यांच्यामध्ये बुरख्यात बसलेल्या आपा. त्यांना चहा दिला आणि मी दिवाणावर गाठोडी सोडली. एकेक कुर्ता उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. चहा संपला, दुसरा झाला, तरी मी बघतच होते. त्यांनी माझा हुकूम केव्हाच मोडीत काढला होता. प्रत्येक कुर्ता चौघींच्या हातून गेला होता, आणि कुठली पाकळी कुणाची हे कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं. आधीच्या अठरांतलं कच्चं कामही उसवून चौघींनी वाटून पुन्हा भरलं होतं, आणि त्यांतलेही रंगीत धागे गेले होते. मागे गाठ नव्हती. साठच्या साठ.

मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडचा घास कुणी काढून घेतल्यासारखं झालं. ज्या चुका मी सहा आठवडे मनात रचल्या होत्या, त्यांतली एकही या बाईने केली नव्हती.

गाठोड्याच्या तळाशी एकसष्टावा कुर्ता होता. हिरव्या धाग्याचा. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, आणि गळ्यावरची माझी ती लठ्ठ-चपटी मुर्री जशीच्या तशी. एक टाका कुणी दुरुस्त केला नव्हता.

“अच्छा हुआ है,” मी कशीबशी म्हणाले.

आपांनी कप खाली ठेवला. “आपने ग़ुस्से में दिया था, हमने भी ग़ुस्से में ही बनाया,” त्या म्हणाल्या. “आप चाहती थीं न कि न हो?”

त्या हिरव्या धाग्यावालीसाठी मी पेढ्यांचा पुडा दिला. माफी मागायला त्यांच्या अंगणात जायला मला आणखी तीन महिने लागले.

मेळ्याला मी आपांना बरोबर नेलं, तेही नाइलाजाने. गिऱ्हाइकांनी काही विचारलं तर मला सांगता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुठली जाळी, कुठला छापा, सगळं त्यांना ठाऊक. त्या स्टॉलच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसल्या. मी पुढे उभी. समोर बरोबर तोच दुकानदार, त्याच्या मागे कपड्यांच्या थप्प्या, आणि त्याच्या पुढे दुपारपर्यंत कोणी नाही. फौजी बायका माझ्या स्टॉलला खेटून उभ्या होत्या. मी मुद्दाम मोठ्याने बोलत होते. प्रत्येक कुर्ता विकला की त्याच्याकडे एकदा बघायची. इतका सुंदर दिवस माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

शेवटी तो आलाच. मला त्याने ओळखलं नाही. मी दोन वर्षं जपलेला अपमान त्याच्या लक्षातसुद्धा नव्हता, याचाही मला राग आला. त्याने कुर्ता उचलला आणि उलटा केला. बराच वेळ बघत राहिला.

“काम किसका है?”

‘माझं’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण त्याने कुर्ता उलटा धरला होता, आणि उलट्या कुर्त्यासमोर मला खोटं बोलता येईना. मी मागे हात केला. “इनका।”

हात केला आणि लगेच पस्तावले. कारण तो मला ओलांडून सरळ आपांशी बोलू लागला. “बड़ी बी, हमारे लिए काम कीजिए. घर बैठे कीजिए, अपने ढंग से कीजिए, जो कहेंगी वह मिलेगा.” आपा गेल्या तर बाकीच्या तिघी जाणार, धोबी जाणार, दर्जी जाणार. मी रागाच्या भरात सगळा धंदा त्या बाईच्या पदरात टाकला होता, आणि माझ्या हातात राहिली होती ती एक गाठ. दोन वर्षं घोटलेलं ते वाक्य नेमकं तेव्हा मला आठवेना.

आपा स्टुलावरून उठल्या. त्याच्या हातातला कुर्ता त्यांनी अदबीने काढून घेतला, सुलटा केला, घडी घातली.

“आप तकलीफ़ न करें, भाईसाहब,” त्या अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाल्या. “यह आपके बस का नहीं।”

दुकानदाराचा चेहरा पडला. समोरच्या दोन फौजी बायका हसल्या. माझा दोन वर्षांचा सूड असा दुसऱ्याच बाईच्या तोंडून, चार शब्दांत, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने उरकला गेला.

पण त्यांनी वाक्य अर्धंच म्हटलं होतं. ‘घर बैठकर शौक़ कीजिए’ राहिलं होतं. ते मला आता लख्ख आठवलं. तो वळून चालू लागला होता, अजून ऐकू जाण्याइतका जवळ होता. पुरं करायला मी तोंड उघडलं, आणि आपांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी तोंड मिटलं. ते उरलेलं अर्धं वाक्य अजून माझ्याकडेच आहे.