कमलचा खेळ, माझे रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कळत नाही.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. मंगरूळपीरला आमचं कापडाचं दुकान होतं. मी सातवीत, आणि कमल माझ्या बाकावरची. तिच्या वडिलांची गावाबाहेर भाजीपाल्याची वाडी होती.

कमलनं एक खेळ शोधून काढला होता. फरशीवर कोळशानं घरं आखायची, आणि चौघी-पाच जणींनी चिंचोके टाकत आपापला माल बाजारात न्यायचा. दोघी एका घरात आल्या की कुणी मरायचं नाही. मागून आलेलीनं विचारायचं, "मले गाडीत घेतं काय वं?" घ्यायचं की नाही, हे दुसरीनं ठरवायचं. मग रुसवे, विनवण्या, हसून हसून पोट दुखायचं!

मला तो कोळसा आवडत नव्हता. की कमलभोवतीची गर्दी? मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर बैलगाड्या, वांगी, बाजाराची कमान रंगवली. खेळ मात्र साधा शर्यतीचा. मुली धावत आल्या—आणि आठवडाभरात परत कोळशाकडे गेल्या. रंग पाहून आल्या होत्या, पण थांबावं असं माझ्या पुठ्ठ्यात काही नव्हतंच.

मग मी कमलचा नियमच उचलला. तिनं उचलू दिला. "दोघींचा खेळ हाये न," म्हणाली.

आता मधली सुट्टी पुरेना. एके दिवशी बाई आल्या. अकोल्याच्या प्रदर्शनाला पाठवायला त्यांना असंच काही हवं होतं. पुठ्ठा उचलून त्यांनी विचारलं, हा खेळ कुणी शोधला?

इथं थांबावंसं वाटतं. कारण कमलनं मला सांगून ठेवलं होतं—"बाबा म्हन्ते, शाळेत कशात नाव आलं त आठवीत बसवतो."

"मी," मी म्हणाले. "चित्रं माझी, खेळही माझाच."

बाईंनी कमलकडे पाहिलं. "हो, तिचाच हाये," ती म्हणाली. का म्हणाली? मला वाचवायला? की एवढ्या रंगांपुढे आपलं कोण ऐकेल, म्हणून? मी कधी विचारलं नाही.

अकोल्याला बक्षीस मिळालं. जूनमध्ये कमल बाकावर नव्हती. पुढे तिला जऊळक्याला दिली.

लग्नानंतर माहेरी आले होते, तेव्हा एसटी स्टँडवर ती दिसली. डोक्यावर भाजीची पाटी होती. तिनं मला नावानं हाक मारली—मोठ्यानं, आनंदानं. मी ऐकलंच नाही असं दाखवून बसमध्ये चढले.

ऐकलं होतं.