बाईंचा मंगळ आणि साहेबांचा लाल शेरा

बाई गेली त्याच्या सतराव्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. बाई म्हणजे माझी बायको, सुलभा. आष्ट्याजवळच्या झेडपीच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायची. सगळं गाव बाई म्हणायचं म्हणून मीही बाईच म्हणायचो, आणि ती मला मिस्त्री म्हणायची, कारण मी गवंडी. फोनवर एक माणूस गोड आवाजात म्हणाला, "बाई आहेत का? आनंदाची बातमी आहे. ग्रहांच्या धड्यांचा त्यांचा तक्ता निवडलाय. सोमवारी साताऱ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, बाईंनी मूळ वही घेऊन यायचं." मी म्हटलं, "बाई न्हाईत." तो म्हणाला, "मग कधी येतील?" आता ह्याला काय सांगायचं... मी म्हटलं, "वही येईल. वही घेऊन मी येतो." आणि फोन ठेवला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. चार वर्षं हा तक्ता त्यांच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत पडून होता. चार वर्षांत एकदासुद्धा बाईला कुणी विचारलं नाही की हे काय पाठवलंय, आणि आता म्हणे आनंदाची बातमी.

पेपरवाल्यांनी पुरवणीसाठी दोन शब्द लिहून मागितले. मी सातवी नापास. मुलगी म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहिते." मी म्हटलं, नको. तू नीट करशील आणि त्यातला राग निघून जाईल. तेव्हा जसं आहे तसं वाचा.

लग्न झालं तेव्हा गावात लोक मला म्हणायचे, "गड्या, बायको मास्तरीण आणि तू घमेलं उचलणारा, कसं जमायचं?" जमलं. कारण बाईला माझ्या घमेल्याचंच जास्त काम पडायचं. पुस्तकात ग्रहांचा धडा अगदी शेवटी. मार्च उजाडला, परीक्षा आली, की तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचे. बाईला ते पटायचं नाही. ती म्हणायची, "मिस्त्री, पोरांना चंद्रावर यान उतरलेलं टीव्हीवर दिसतं. ती येऊन विचारतात. त्यांना मार्चपर्यंत थांबा म्हणू?" मग तिनं ग्रहांचा धडा जूनपासूनच सगळ्या पुस्तकात विरघळवला. माझं मोठं घमेलं नेलं. खाली चाळलेली काळी वाळू, वर पांढरा पातळ थर. मी म्हटलं, चुना टाक. ती म्हणाली, "पोरांच्या डोळ्यात गेला म्हंजी? येडं का खुळं तुमी!" आणि रांगोळी चाळून टाकली. मग पोरं गुडघ्याइतक्या उंचीवरून, कमरेइतक्या उंचीवरून, डोक्यावरून गिट्टीचे खडे सोडायची. खड्डा पडायचा, खालची काळी वाळू पांढऱ्यावर चौफेर उडायची. चंद्रावर असतात तसे खड्डे. पोरं पट्टीनं मोजायची, वहीत लिहायची. उंची वाढली की खड्डा का वाढला, हे त्यांचं त्यांनीच शोधायचं.

माझ्या गंजलेल्या सळईचा तुकडा घेऊन तिनं वर्गात सांगितलं, मंगळ असाच गंजलाय म्हणून लाल दिसतो, आणि त्यात लोखंड कसं गंजतं तो धडा उरकला. आमच्या वाटेवरचा लाल मुरूम आणून उतार केला, खेळण्यातल्या गाडीच्या चाकांना ट्यूबचं रबर गुंडाळून ती गाडी मंगळावर चढवली, त्यात घर्षण शिकवलं. मी एकदा जेवताना सहज बोललो, "मंगळावर भिंत बांधायची म्हटलं तर भिंत सरळ हाय का बघायचा आमचा दोरीचा ओळंबा तिथं चालायचा न्हाई. तो हवेत तरंगंल." ती एवढी हसली की ठसका लागला. म्हणाली, "ओळंबा तिथंबी खालीच जाईल, मिस्त्री. मंगळसुद्धा ओढतो. नुसता हाताला हलका लागंल." दुसऱ्या दिवशी तिनं हाच प्रश्न फळ्यावर लिहिला. मी चुकलो होतो, पण माझ्या चुकीवरून एका वर्गाला गुरुत्वाकर्षण कळलं. असं दुसऱ्या कुठल्या गवंड्याच्या नशिबी आलंय?

आणि मग ते साहेब आले.

त्या दिवशी मी शाळेतच होतो. नळाजवळची पायरी फुटली होती, ती बांधत होतो. बाईनं व्हरांड्यात घमेलं मांडलं होतं, पोरं भोवती बसली होती. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. बूट न काढता व्हरांड्यात चढले. म्हणाले, "हे काय चाललंय?" बाई म्हणाली, "बल, सर. चंद्रावरचे खड्डे करून बघतोय." "चंद्र कुठल्या धड्यात आहे?" "शेवटच्या." "मग आत्ता का?" बाई शांतपणे म्हणाली, "सर, बलाचा धडा आत्ता चालू आहे. चंद्र हे उदाहरण आहे. मोजमाप आहे, अंदाज आहे, अनुमान आहे, सगळं अध्ययन निष्पत्तीत बसतं." अध्ययन निष्पत्ती म्हणजे धडा शिकून झाल्यावर पोराला काय आलं पाहिजे, त्याची सरकारनं दिलेली यादी. साहेब म्हणाले, "बसतं म्हणता, पण टाचणात निष्पत्तीचा क्रमांक कुठाय?" टाचण वही, म्हणजे रोजच्या धड्याची आखणी लिहायची वही, त्यांनी गुडघ्यावर घेतली आणि लाल पेननं लिहिलं. मला तेव्हा दिसलं नाही. संध्याकाळी वाचलं : 'पाठ्यक्रमबाह्य उपक्रमात वेळ घालवू नये. अध्ययन निष्पत्तीशी संबंध दिसत नाही.' खाली सही. घमेल्याकडे त्यांनी एकदासुद्धा वाकून बघितलं नव्हतं. पोरांना एक प्रश्न विचारला नव्हता. माझ्या हातात थापी होती. मी उठलो होतो. बाईनं मान हलवून मला नको म्हणून खुणावलं आणि मी खाली बसलो. पायरीवर सिमेंट ओढत राहिलो... ती पायरी अजून शाबूत आहे. मला मात्र तिच्यावर पाय ठेववत नाही.

घरी आल्यावर मी लय बोललो. साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. बाईनं ऐकून घेतलं, भाकरी थापत बसली, मग म्हणाली, "मिस्त्री, साहेबांचं निम्मं खरं हाय." मी भडकलोच. "काय खरं हाय? नुसती वरवर वही बघितली त्यांनी!" ती म्हणाली, "संबंध मला दिसतो. पण मी तो कागदावर मांडला न्हाई. उद्या माझ्या जागी दुसरी बाई आली, तिला कसा दिसायचा? तुमी भिंत बांधताना दर थराला ओळंबा लावता का न्हाई?" "लावतो." "मग मीबी लावायला पायजे."  पण मी तरी म्हटलं, "ओळंबा भिंतीला लावतात, बाई. त्यांनी नुसत्या कागदाला लावला."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेला नवी टाचण वही केली. ती शेरा असलेली वही घरी आणली, आणि शेऱ्याच्या पुढच्याच पानापासून तक्ता सुरू केला. जाड फुलस्केप वही. चार रकाने : कृती, साहित्य, कोणती निष्पत्ती, आणि पोरांना आलं का ते कसं ओळखायचं. लोकांना वाटेल, त्यात काय, जोडून टाकायचं. तसं नव्हतं. बाई स्वतःवरच लय कडक. कागदाच्या छत्रीला अंडं बांधून गच्चीवरून सोडायचं, ही माझी आवडती कृती. तिनं ती खोडली. मी म्हटलं, "अगं, पोरं नुसती नाचतात तवा!" ती म्हणाली, "नाचतात, पण शिकतात काय? नुसती मजा म्हणून ठेवली तर साहेब जिंकले." दोन महिने अंडं बाहेर होतं. मग एक दिवस शाळेतून येता येताच ओरडली, "मिस्त्री, अंडं आत आलं!" दोन छत्र्या करायच्या, एक लहान, एक मोठी, आणि मोठी सावकाश का आली ते पोरांनी हवेवरून सांगायचं. आणि मग विचारायचं, मंगळावर हवा विरळ, तिथं नुसती छत्री पुरंल का? पोरांनी "न्हाई" म्हणून कारण सांगितलं की निष्पत्ती झाली. एका अंड्यासाठी दोन महिने. अशी एकेक ओळ तिनं बसवली. आणि म्हणे संबंध दिसत नाही!

निवृत्त झाल्यावर तिनं तक्त्याची नक्कल कचेरीला पाठवली. पोच आली नाही. मी म्हणायचो, "जाऊन विचारू." ती म्हणायची, "वाचत असतील." वाचत असतील... मग दुखणं निघालं. मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर बसून तिनं माझ्याकडं काय मागावं? पट्टी आणि पेन्सिल. शेवटी शेवटी डोळे मिटून असायची. एकदा म्हणाली, "साताऱ्याहून काही आलं का हो?" मी म्हटलं, "येईल." तेवढंच खोटं मी तिच्याशी बोललो, आणि तेही ती गेल्यावर खरं झालं. ह्याचा राग कुणावर काढायचा?

सोमवारी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. मोठं सभागृह, दीडशेभर शिक्षक. पडद्यावर बाईचा तक्ता. तिच्याच ओळी, तिचेच रकाने. ओळंब्याच्या ओळीपुढं तिनं कंसात लिहिलं होतं 'मिस्त्रींचा प्रश्न', तेवढं मात्र काढून टाकलं होतं. वर तिचं नाव होतं आणि, कुणाकडून कळलं कोण जाणे, नावाआधी 'कै.' लावलं होतं. एवढं एक काम कचेरीनं वेळेवर केलं. आणि व्यासपीठावर कोण? तेच साहेब. आता वरच्या जागेवर. माइकवर म्हणाले, "बाई आमच्या विभागाचं भूषण होत्या. ग्रहांचा अभ्यास निष्पत्तीशी कसा जोडावा, याचा हा आदर्श नमुना." टाळ्या झाल्या. माझ्या कानशिलात आग झाली.

टाळ्या थांबल्यावर मी वही घेऊन वर गेलो. पान उघडून पुढं धरलं. म्हटलं, "साहेब, हे कुणाचं अक्षर?" त्यांनी चष्मा लावला. वाचलं. हळूच म्हणाले, "त्या वेळचे निकष वेगळे होते, मिस्त्री."

"निकष तेच हायत. तुमीच आत्ता पडद्यावर त्याच निष्पत्तीला हाच धडा जोडून दावला. खड्ड्याचा. वाळूचा. तुमी बूट घालून हुभा हुता बघा त्याच्याजवळ."

"नंतर बोलू आपण. बाहेर बसा."

"मी त्या दिवशी बसलो हुतो. आज न्हाई बसणार. ह्या शेऱ्याखाली लिवा, की चुकलं. एक ओळ. सही करा."

"शेरा खोडता येत नाही, तशी तरतूद नाही. तुम्ही असं करा, वही इथंच ठेवा. ते पान सोडून बाकीच्याची झेरॉक्स काढून घेऊ."

"ते पान सोडून? आवं, त्या पानामुळंच तर बाकीची वही झाली!"

 पुढच्या रांगेतल्या फलटणच्या एक बाई उठून म्हणाल्या, "सर, लिहा ना. एक ओळ तर आहे." साहेबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं. मला वाटलं, लिहितात.  त्यांनी पानाकडं बघितलं, सगळ्यांकडं बघितलं, टोपण परत लावलं आणि म्हणाले, "मला पुढची मीटिंग आहे." गेले. एवढ्या मोठ्या माणसाला एक ओळ उचलली नाही.

मी तिथंच टेबलाशी बसलो. फलटणच्या बाईंना म्हटलं, "लाल पेन हाय का?" त्यांनी दिलं. साहेबांच्या सहीखाली मी लिहिलं. सावकाश, कारण माझं अक्षर धड नाही. 'त्या दिवशी मी तिथे होतो. संबंध होता. मला सुद्धा कळला.' खाली सही केली, आणि सहीखाली 'सातवी नापास' असंही लिहिलं, म्हणजे कुणाला कळला ते नीट कळावं. मग शिक्षक एकेक करून आले. मोबाईलवर पानांचे फोटो काढायला लागले. मी म्हटलं, फोटो काढायचे तर हे पान पहिलं. सगळ्यांनी ते पान पहिलं काढलं.

वही मी कचेरीत ठेवली नाही. मांडीवर घेऊन परत आलो. आष्ट्याला उतरून घरी आलो, दिवेलागणीची वेळ झाली होती, पण चहासुद्धा न करता वही शेवटपर्यंत चाळली. मी ती शेवटपर्यंत कधी बघितलीच नव्हती. सहावी-सातवीचा पुरा करून तिनं आठवीचाही तक्ता घेतला होता, तो अर्ध्यावर थांबलाय. त्याच्यापुढं नऊ पानं कोरी आहेत. कोरी म्हणजे अगदी कोरी नाहीत... पेन्सिलीनं चार-चार रकाने आखलेत. दवाखान्यात पट्टी मागितली होती ती ह्यासाठी. रेघा पहिल्या पानावर सरळ आहेत, पुढं पुढं वाकड्या होत गेल्यात, शेवटच्या पानावर तर एक रेघ निम्म्यातच सुटलीय. गवंड्याच्या डोळ्याला वाकडी रेघ सोसत नाही. ही मात्र मी सरळ करणार नाही.

आठवीला शिकवणाऱ्या कुणाला ही नऊ पानं भरायची असतील, तर आष्ट्याला घरी या. वाळू, घमेलं, रांगोळी आहे. पट्टीही तिचीच देईन. पण वही बाहेर न्यायला मिळणार नाही. इथं स्वयंपाकघरात तिच्या जागेवर बसायचं आणि लिहायचं. आणि पोराला आलं का ते कसं ओळखायचं, तो चौथा रकाना मोकळा ठेवायचा नाही. बाई तो कधी मोकळा ठेवायची नाही.